समजून घ्या : सम चलन, व्यस्त चलन आणि नोकरी सोडणारा शाळामास्तर जॉर्ज ओहम

एक वाढले की दुसरे वाढते, एक वाढले की दुसरे घटते. आठवीच्या गणितातला ‘चलन’ हा धडा बहुतेकांना एवढाच आठवतो. पण एवढ्यावर भागत नाही, हे जर्मनीतल्या एका शाळाशिक्षकाने दोनशे वर्षांपूर्वी आठ तारा मोजून दाखवले. त्याची किंमतही त्याला मोजावी लागली.

तुम्ही इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलात किंवा पंखा दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले मीटर पाहिलेत, तर त्यावर घोड्याच्या नालासारखे एक चिन्ह दिसते. ते ओमेगा हे ग्रीक अक्षर. विजेला होणारा विरोध मोजण्याच्या एककाची ती खूण आहे आणि त्या एककाचे नाव ‘ओहम’. दहावीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकाने ओहमचा नियम पाठ केलेला असतो. हा नियम म्हणजे सम चलन आणि व्यस्त चलन एकाच सूत्रात बसवणारे उत्तम उदाहरण आहे. तो शोधणारे जॉर्ज सायमन ओहम मात्र आयुष्यातला बराच काळ लहानमोठ्या शिक्षकी नोकऱ्या करत राहिले.

आधी दोन व्याख्या

सम चलन म्हणजे दोन राशी एकाच पटीत बदलणे. पेट्रोल दुप्पट भरले तर पैसे दुप्पट, तिप्पट भरले तर तिप्पट. इथे दोन राशींचा भागाकार कायम राहतो. पैसे भागिले लिटर केले की दर वेळी तोच भाव मिळतो.

व्यस्त चलन म्हणजे एक राशी ज्या पटीत वाढते, त्याच पटीत दुसरी घटणे. १० मजुरांना जे काम १२ दिवस लागते, ते २० मजुरांना ६ दिवस लागते. इथे गुणाकार कायम राहतो. १० गुणिले १२ म्हणजे १२० आणि २० गुणिले ६ म्हणजेही १२०.

चूक होते ती इथेच. मुलाचे वय वाढते तशी उंची वाढते, पण वय दुप्पट झाले म्हणून उंची दुप्पट होत नाही. म्हणजे ते सम चलन नाही. तसेच एक वाढले आणि दुसरे घटले, एवढ्यावरून ते व्यस्त चलन ठरत नाही. भागाकार किंवा गुणाकार करून तो खरोखर कायम राहतो का, हे तपासावे लागते. ओहम यांची सगळी गोष्ट या तपासणीची आहे.

कुलपे बनवणाऱ्याचा मुलगा

जॉर्ज ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगन या गावी झाला. हे गाव आज जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात आहे. वडील योहान वोल्फगांग कुलपे-किल्ल्या बनवणारे कारागीर, आई एका शिंप्याची मुलगी. सात मुलांपैकी तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली.

वडिलांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. पण त्यांनी स्वतःच्या बळावर गणित आणि विज्ञान शिकून घेतले आणि जॉर्ज व मार्टिन या दोन्ही मुलांना घरीच शिकवले. त्या मानाने गावातल्या शाळेत पाठांतरावर भर होता. एर्लांगन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी या भावांची परीक्षा घेतली आणि ते थक्क झाले. कारागिराच्या घरातून असे गणित बाहेर पडेल, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. मार्टिन पुढे नावाजलेला गणिती झाला.

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला आणि अभ्यासापेक्षा नाच, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्ड्स यांतच जास्त रमला. घरच्या मिळकतीतून फी भरणारे वडील संतापले. त्यांनी मुलाला शिक्षण सोडायला लावले आणि स्वित्झर्लंडला पाठवले. तिथे १८०६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो एका शाळेत गणित शिकवू लागला. तिथल्या वर्षांत त्याने ऑयलर, लाप्लास अशा मोठ्या गणितींची पुस्तके स्वतः वाचून काढली. १८११ मध्ये तो एर्लांगनला परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली.

बदल्या, बंद पडलेली शाळा आणि कोलोन

डॉक्टरेट मिळाली, पण पोट भरेल असे काम विद्यापीठात मिळाले नाही. तीन सत्रे शिकवून ओहम यांनी ते सोडले. १८१३ मध्ये बव्हेरिया सरकारने त्यांना बामबर्ग इथल्या एका सुमार शाळेत नेमले. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली आणि त्यांची बदली गावातल्याच दुसऱ्या, मुलांनी खचाखच भरलेल्या शाळेत झाली. याच काळात त्यांनी भूमिती शिकवण्यावर एक पुस्तक लिहिले.

१८१७ मध्ये त्यांना कोलोन शहरातल्या जुन्या जेझुइट विद्यालयात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवण्याची जागा मिळाली. त्या शाळेत चांगली प्रयोगशाळा होती. वडिलांच्या हाताखाली वाढलेल्या ओहम यांना धातूकाम आणि उपकरणांची सवय होती. शाळेचे तास संपले की ते प्रयोगाला बसत.

तेव्हा विजेचे विज्ञान नवे होते. इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिली बॅटरी जाहीर केली होती. डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले होते की तारेतून वीज वाहते तेव्हा जवळची चुंबकसूची हलते. म्हणजे वीज मोजायचा मार्ग सापडला होता. जितका प्रवाह जास्त, तितका चुंबकसूचीवरचा जोर जास्त. पण तार लांब केली की प्रवाह नेमका किती कमी होतो, याचे पक्के सूत्र कोणी छापलेले नव्हते. ओहम यांनी हाच प्रश्न घेतला.

पहिले सूत्र चुकले

१८२५ मध्ये त्यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला. तार लांबत जाते तसा चुंबकसूचीवरचा जोर कसा घटतो, यासाठी त्यांनी लॉगॅरिदमचे एक सूत्र दिले. ते हातातल्या आकड्यांना बऱ्यापैकी जुळत होते, पण बरोबर नव्हते.

अडचण बॅटरीत होती. त्या काळच्या बॅटरीचा जोर वापरता वापरता कमी व्हायचा. तार बदलून दुसरे माप घ्यायला गेले, तोवर बॅटरीच बदललेली असायची. म्हणजे घटलेला प्रवाह लांब तारेमुळे की दमलेल्या बॅटरीमुळे, हे सांगता येत नव्हते.

चलनाच्या गणितातला हा पहिला धडा आहे. दोन राशींचे नाते पाहायचे तर बाकी सगळे स्थिर हवे. मजूर आणि दिवस यांचे व्यस्त चलन तेव्हाच खरे, जेव्हा काम तेवढेच असते आणि मजूर सारख्याच वेगाने राबतात. गणिताच्या पुस्तकात ते आपण धरून चालतो. प्रयोगशाळेत ते घडवून आणावे लागते.

उकळते पाणी, बर्फ आणि आठ तारा

या वेळी ‘अनालेन’ या विज्ञान नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी ओहम यांना एक सूचना केली. बॅटरी सोडा, उष्णतेवर चालणारा विजेचा स्रोत वापरा. झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये दाखवले होते की दोन वेगळ्या धातूंच्या जोडांपैकी एक गरम आणि एक थंड ठेवला, तर वर्तुळात वीज वाहते. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे हे धातू घेतले. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन्ही तापमाने हलत नाहीत. म्हणून विजेचा जोरही हलत नाही.

मग त्यांनी सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांची लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच होती. एकेक तार जोडायची आणि चुंबकसूची किती ढळते ते पाहायचे. सूची वर टांगलेली होती. वरचे टोक पिळून तिला पुन्हा मूळ जागी आणायचे आणि किती पीळ द्यावा लागला ते मोजायचे. पीळ आणि जोर यांच्यात सम चलन असते. म्हणजे त्यांचे मोजमापच सम चलनावर उभे होते.

जानेवारी १८२६ मधल्या एका दिवसाची मापे अशी होती :

• २ इंच तार : ३२६.७५
• ६ इंच तार : २७७.७५
• १८ इंच तार : १९०.७५
• ३४ इंच तार : १३४.५
• १३० इंच तार : ४८.५

गुणाकार करून पाहू

लांबी वाढली, माप घटले. घाईत पाहणारा लगेच व्यस्त चलन म्हणेल. पण तपासा. २ गुणिले ३२६.७५ म्हणजे ६५३.५. १३० गुणिले ४८.५ म्हणजे ६३०५. गुणाकार जवळजवळ दहापट झाला. शिवाय तार २ इंचांवरून ६ इंच, म्हणजे तिप्पट झाली, तरी माप एक तृतीयांश होण्याऐवजी थोडेसेच उतरले. हे व्यस्त चलन नाही.

ओहम यांच्या लक्षात आले की वीज फक्त त्या तारेतूनच जात नाही. ती बिस्मथच्या पट्टीतून आणि सगळ्या जोडण्यांमधूनही जाते. तिथेही तिला विरोध होतो. तो विरोध किती इंच तारेएवढा आहे, हे आकड्यांवरून काढले तर उत्तर आले २०.२५ इंच. आता प्रत्येक तारेच्या लांबीत २०.२५ मिळवा आणि मग मापाने गुणा :

• २२.२५ × ३२६.७५ = ७२७०
• २६.२५ × २७७.७५ = ७२९१
• ३८.२५ × १९०.७५ = ७२९६
• ५४.२५ × १३४.५ = ७२९७
• १५०.२५ × ४८.५ = ७२८७

(उत्तरे पूर्णांकात दिली आहेत.)

उरलेल्या तीन तारांचे गुणाकार ७१८० ते ७२९३ च्या दरम्यान येतात. ओहम यांनी स्थिरांक ७२८५ धरला. सर्वांत वाईट जुळणाऱ्या तारेतही फरक सुमारे दीड टक्का आहे, तोही हाताने पीळ देऊन घेतलेल्या मापांत.

म्हणजे व्यस्त चलन होते, पण ते दिसणाऱ्या लांबीशी नव्हते. ते वर्तुळातल्या एकूण विरोधाशी होते. पुढे त्यांनी दोन जोडांच्या तापमानातला फरक कमी करून प्रयोग केला. तेव्हा ७२८५ ची जागा लहान आकड्याने घेतली, पण २०.२५ तसाच राहिला. विजेचा जोर कमी झाला तसा प्रवाह कमी झाला, तारा आणि जोडण्यांचा विरोध मात्र तोच राहिला.

आज आपण हे एका ओळीत लिहितो. प्रवाह बरोबर व्होल्टेज भागिले रोध. रोध कायम असेल तर प्रवाह व्होल्टेजच्या सम चलनात, व्होल्टेज कायम असेल तर प्रवाह रोधाच्या व्यस्त चलनात.

पुस्तक आले, नोकरी गेली

ओहम यांना विद्यापीठात प्राध्यापक व्हायचे होते. त्यासाठी मोठे काम छापून येणे गरजेचे होते. १८२६ मध्ये त्यांनी शाळेतून वर्षभराची रजा घेतली. पगार अर्धाच मिळणार होता. ते बर्लिनला भाऊ मार्टिनकडे राहायला गेले आणि १८२७ मध्ये विद्युत मंडलाचे गणिती विवेचन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते.

स्वागत थंड झाले. त्या काळी जर्मनीतल्या अनेक भौतिकशास्त्रज्ञांना गणिताने निसर्ग मांडणे परके वाटे. पुस्तकात प्रयोगांपेक्षा गणितच पुढे होते, त्यामुळे वाचणारेही थोडे. एका समीक्षकाने तर ते निव्वळ कल्पनाविलास ठरवले. प्रशियाच्या शिक्षण खात्यातही त्यांच्याविषयी अनुकूल मत नव्हते. विद्यापीठातली जागा मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला.

त्यानंतरची वर्षे हलाखीची गेली. बर्लिनमध्ये लष्करी शाळेत आठवड्याचे काही तास गणित शिकवून त्यांनी दिवस काढले. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत प्राध्यापक म्हणून जागा मिळाली. पोटापाण्याचा प्रश्न सुटला, पण विद्यापीठ दूरच राहिले.

चौदा वर्षांनी पदक

सूत्र बरोबर असेल तर ते दुसऱ्याच्या हातातही चालते. लाइपझिगचे फेखनर यांनी १८३१ मध्ये स्वतःच्या मापांनी ओहम यांचा नियम पडताळला. फ्रान्समध्ये पुये यांचे प्रयोगही त्याच निष्कर्षाकडे गेले. तारायंत्राचे युग येत होते. शेकडो मैल तारेतून संदेश पाठवायचा तर किती बॅटरी लागेल, याचा हिशेब ओहम यांच्या सूत्राशिवाय होत नव्हता.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कोप्ले पदक दिले. त्याच वर्षी त्यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आला. पुढच्या वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य केले. परदेशात मान मिळाल्यावर मायदेशालाही जाग आली. १८४९ मध्ये ते म्युनिकला गेले आणि १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पूर्णवेळ प्राध्यापक झाले. जी जागा त्यांनी तरुणपणापासून मागितली, ती त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभली. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्येच त्यांचे निधन झाले.

१८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ‘ओहम’ हे रोधाचे एकक म्हणून स्वीकारले. व्होल्टा यांच्या नावाचा व्होल्ट आणि अँपिअर यांच्या नावाचे एककही तिथेच ठरले.

मग कॅव्हेंडिश यांचे काय?

इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांनी १८ व्या शतकातच असेच नाते ओळखले होते. त्यांच्याकडे चुंबकसूचीचे यंत्र नव्हते. वेगवेगळ्या मार्गांनी येणारा विजेचा झटका ते स्वतःच्या अंगावर घेत आणि कोणता जास्त लागला ते ठरवत. पण त्यांनी ते छापले नाही. मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणे १८७९ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा जगाला हे कळले. तोवर नियमाला ओहम यांचे नाव पक्के झाले होते. कारण त्यांनी तो छापला, सर्वांनी तपासावा म्हणून आकडे दिले आणि टीका सोसली.

तुमच्या घरातला ओहम

हिशेबाचे उदाहरण घ्या. घरात २३० व्होल्ट आहेत. पाणी तापवायच्या उपकरणातल्या कॉइलचा रोध ४६ ओहम असेल तर प्रवाह ५ अँपिअर. रोध दुप्पट, म्हणजे ९२ ओहम केला तर प्रवाह निम्मा, २.५ अँपिअर. ५ गुणिले ४६ आणि २.५ गुणिले ९२, दोन्हींचे उत्तर २३०. हे व्यस्त चलन. आता रोध ४६ च ठेवून व्होल्टेज निम्मे, म्हणजे ११५ केले तर प्रवाह पुन्हा २.५. हे सम चलन.

तारेचेही तसेच. तारेचा रोध लांबीच्या सम चलनात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त चलनात असतो. तारेचा व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होते आणि रोध पाव होतो. शेतातल्या डीपीपासून लांब, बारीक वायर ओढली की शेवटच्या टोकाला बल्ब मिणमिणतो, ते यामुळे. मधल्या तारेतच बरेच व्होल्टेज खर्च होते. ओहम यांच्या २०.२५ इंचांसारखा हा न दिसणारा रोध हिशेबात धरावाच लागतो.

आणि ओल्या हाताने बटणाला हात लावू नको, हे घरातले वाक्य? कोरड्या कातडीचा रोध जास्त असतो, ओल्या कातडीचा कितीतरी कमी. व्होल्टेज तेवढेच, रोध घटला, म्हणून अंगातून जाणारा प्रवाह वाढतो. व्यस्त चलन इथे जीव घेऊ शकते.

नियमाला मर्यादाही आहेत. तापमान तेच राहिले तरच धातूच्या तारेचा रोध कायम राहतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो. एलईडीसारखे घटक तर हा नियम सरळ पाळतच नाहीत. तिथे व्होल्टेज थोडे वाढवले तरी प्रवाह एकदम वाढू शकतो. म्हणून तिथेही आधी मोजायचे, मगच चलन कोणते ते ठरवायचे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• भागाकार कायम राहिला तर सम चलन, गुणाकार कायम राहिला तर व्यस्त चलन.
• एक वाढते आणि दुसरे घटते, एवढा पुरावा पुरत नाही. किमान तीन-चार जोड्या घेऊन गुणाकार करून पाहा.
• बाकीच्या गोष्टी स्थिर आहेत का, हे आधी विचारा. ओहम यांचे पहिले सूत्र दमणाऱ्या बॅटरीमुळे चुकले.
• गुणाकार जुळत नसेल तर हिशेबातून काही सुटले आहे का ते शोधा. ओहम यांना तिथेच २०.२५ इंच सापडले.
• घरात चलनाचा धडा शिकणारे कोणी असेल, तर वरच्या पाच मापांचे गुणाकार त्याला स्वतः करायला सांगा. आधी २०.२५ न मिळवता, मग मिळवून.